आपली फिरती आपल्याच दप्तरी

पोरी, फिरतीची नोकरी धरलीस, बरं केलंस. पाणलोटाचं काम शिवारात पाय मळल्याशिवाय कळत नाही. पण पहिला पगार हातात पडायच्या आत एक सवय लावून घे. तू कुठे गेलीस, कधी गेलीस, किती वेळ थांबलीस याची नोंद तुझी तू ठेव, आणि ती तुझ्याच ताब्यात राहू दे. फोन ती आपोआप ठेवतोच की काका, असं तू म्हणशील. ठेवतो खरा. पण कोणासाठी ठेवतो, किती दिवस सांभाळतो आणि उद्या मागितली तर तुझ्या हातात देतो का, हे आधी बघ.

आम्ही भूजल सर्वेक्षणात होतो तेव्हा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची रीत होती: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, आकडा घ्यायचा, खात्याच्या तक्त्यात भरायचा. तक्ता कार्यालयात जमा व्हायचा. त्याशिवाय माझ्या खिशात एक वही असायची. तक्त्यात ज्याला रकाना नाही ते सगळं त्या वहीत. ‘शेजारच्या बोअरचा पंप चालू होता, बंद करवून तासाभराने पुन्हा मोजलं.’ ‘पायवाट बुजली, ओढ्याकडून यावं.’ पुढच्या फेरीला तक्ता सांगायचा की पाणी किती, आणि वही सांगायची की त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. तुझ्या फोनमधली जागांची नोंद मला त्या वहीसारखी हवी आहे. दुसऱ्या कोणी भरलेला तक्ता नको.

सुरुवात फोनमध्ये आधीच जे आहे तिथून कर. गुगल मॅप्समध्ये टाइमलाइन म्हणून जे दिसतं, त्याचा हिशेब २०२३च्या डिसेंबरमध्ये गुगलने बदलायचं जाहीर केलं. पूर्वी ही नोंद त्यांच्या सर्व्हरवर राहायची आणि संगणकावर उघडून पाहता यायची. आता ती फोनमध्येच राहते, आणि संगणकावरची सोय काढून टाकली. हा बदल मला चांगला वाटतो, कारण माल घराच्या आत आला. पण माल घरात आला की राखण आपल्यावर येते. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, नवा घेताना जुना पुसून दिला, तर वर्षानुवर्षांची नोंद त्याच्याबरोबर गेली. त्यातून, ती नव्याने चालू केलीस तर तीन महिन्यांपलीकडचं आपोआप पुसायचं, असं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते बदलता येतं, पण बदलावं लागतं. २०२५च्या मार्चमध्ये काही लोकांची टाइमलाइन तांत्रिक बिघाडाने पुसली गेल्याचं गुगलने स्वतःच कळवलं होतं. ज्यांनी कुलूपबंद बॅकअप आधी चालू ठेवला होता त्यांना ती परत मिळवायची वाट होती, बाकीच्यांना नव्हती. म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नकोस.

तुझा फोन अँड्रॉइड आहे. सेटिंग्जमध्ये लोकेशन, त्यात लोकेशन सर्व्हिसेस, त्यात टाइमलाइन, आणि तिथे ‘एक्सपोर्ट टाइमलाइन डेटा’. फोन तुझा पिन किंवा बोटाचा ठसा मागेल आणि एक जेसन फाइल तयार करून देईल. ती आजच बाहेर काढ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा काढ. आयफोनवाल्यांना हीच सोय गुगल मॅप्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये मिळते.

हे झालं जुन्याचं. पुढची नोंद ठेवायला मी वेगळं अ‍ॅप घ्यायला सांगेन, जे ना खातं मागतं ना जाहिरात दाखवतं. जीपीएसलॉगर नावाचं एक आहे, फुकट आणि खुल्या सोर्सचं. एफ-ड्रॉइड नावाच्या अ‍ॅपच्या भांडारात मिळतं. ते करतं एकच काम: ठरावीक वेळाने बिंदू घेतं आणि फोनमध्येच फाइलीत लिहून ठेवतं. ओएसएमअँडमध्ये नकाशा आणि मागोवा दोन्ही आहेत, नकाशे आधी उतरवून ठेवले की रेंजविना चालतात. डोंगराळ भागात जाणाऱ्याने ते ठेवावंच. ओनट्रॅक्स हे तिसरं, ते थोडं पुढच्या इयत्तेचं. ते तुझे बिंदू तुझ्याच सर्व्हरवर पाठवतं, आणि तिथे दावारिच नावाची प्रणाली बसवली की गुगलच्या टाइमलाइनसारखा नकाशा घरच्या संगणकावर दिसतो. तुझा मित्र संगणकातला आहे, त्याला हौस असेल तर करू दे. पण तो सर्व्हर उघड्या इंटरनेटवर सोडायचा नाही, एवढं त्याला बजाव. तुझ्या कामापुरतं पहिलं अ‍ॅप पुरे आहे.

एक गैरसमज काढून टाक. जागा कळायला नेट लागत नाही, सिमही लागत नाही. फोन उपग्रहांकडून फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट नसेल तर पहिला बिंदू मिळायला उशीर लागतो एवढंच, कारण उपग्रह कुठे आहेत याची माहिती त्याला आकाशातूनच सावकाश उतरवावी लागते. गाडीतून उतरल्यावर उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांब, मग चालायला लाग.

खरी अडचण बॅटरीची. अ‍ॅप बसवलं, चालू केलं आणि संध्याकाळी पाहिलं तर दुपारी साडेबाराला नोंद थांबलेली, असं बऱ्याच जणांचं होतं. अ‍ॅपचा दोष नसतो. बॅटरी वाचवायला फोनच मागे चालणाऱ्या अ‍ॅपचा गळा आवळतो. म्हणून अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ कर आणि लोकेशनची परवानगी ‘अलाउ ऑल द टाइम’ दे. ही परवानगी फोनमधल्या एका याच अ‍ॅपला द्यायची. बाकी सगळ्यांची यादी उघडून एकेकाची काढून घे. टॉर्चला, किराणावाल्याला, कर्जवाल्याला तू रात्री कुठे झोपतेस ते कळायचं काय कारण? नकाशाला आणि रिक्षावाल्या अ‍ॅपला ‘वापरताना’ एवढंच पुरतं. नोंद चालू असताना वरच्या पट्टीत एक खूण कायम दिसत राहील. ती नकोशी वाटली तरी राहू दे, ती दिसतेय म्हणजे नोंद चालू आहे.

किती वेळाने बिंदू घ्यायचा? रोजच्या जाण्यायेण्याला मिनिटाला एक भरपूर झाला. ओढ्याच्या काठाने, बांधावरून चालत पाहणी करताना दहा सेकंदांवर आण. जागेची चिंता नको. मिनिटाला एक धरला तर दिवसाचे १,४४० बिंदू, साधारण दोनशे केबी. वर्षभराचं सगळं सत्तर-पंचाहत्तर एमबीत बसतं. लग्नाच्या व्हिडिओची एक क्लिप त्याहून मोठी असते.

आता जीपीएसलॉगरची फाइल वाचायला शीक, ती जीपीएक्स प्रकारची असते. जीपीएक्स म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. एकेका बिंदूत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. वेळेपाशी पहिली ठेच लागते. तू सकाळी नऊला दहिवडीतून निघालेली असशील आणि फाइलीत ०३:३० दिसेल, शेवटी झेड. ती ग्रिनिचची वेळ. साडेपाच तास मिळवायचे. फाइलीत हात घालून ती दुरुस्त करू नकोस, वाचताना मिळव. आणि पहाटे साडेपाचच्या आत निघालीस तर फाइलीत आदल्या दिवसाची तारीख पडलेली असेल, हेही ध्यानात ठेव. प्रवासभत्त्याचं टीए बिल भरताना नेमकी तिथेच चूक होते.

उंचीवर विसंबू नकोस. फोनची उंची आडव्या जागेपेक्षा पुष्कळ कच्ची असते. त्यात बरेच फोन ती समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात, आणि आपल्याकडे त्या दोहोंत साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो. अलिबागच्या वाळूत उभं राहून फोन उणे उंची दाखवतो तो यामुळे. समतल चर आखायला हा आकडा कधीही वापरायचा नाही, त्यासाठी हायड्रोमार्कर किंवा डंपी लेव्हलच.

अक्षांश आधी की रेखांश आधी, हेही प्रत्येक फाइलीला विचारायचं. माणसं बोलताना अक्षांश आधी सांगतात, पण जिओजेसन प्रकारच्या फाइलीत रेखांश आधी असतो. उलटापालट झाली तर साताऱ्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. तिथे पडला तर निदान कळतं तरी. आपल्या महाराष्ट्राचं सोपं आहे: अक्षांश पंधरा ते बावीसमध्ये, रेखांश बहात्तर ते एक्याऐंशीमध्ये. याबाहेरचं काही दिसलं की थांबायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, खंड. घाटात, खोल घळीत, पत्र्याच्या शेडमध्ये बिंदू मिळत नाहीत. नकाशा दाखवणारं अ‍ॅप मग शेवटचा आणि पुढचा बिंदू सरळ रेषेने जोडून टाकतं, आणि तू डोंगर फोडून गेलीस असं दिसतं. ती रेष खरी धरू नकोस. आमच्याकडे कोरडी विहीर आणि न मोजलेली विहीर या दोन वेगळ्या नोंदी होत्या. कोरडी असेल तर ‘कोरडी’ लिहायचं, जाताच आलं नाही तर ‘मोजली नाही’ लिहायचं. दोन्हीकडे शून्य लिहिणाऱ्याचा सगळा तक्ता वाया जायचा, कारण पुढच्याला कुठलं शून्य खरं ते कळायचं नाही. खंड खंड म्हणूनच राहू दे.

नुसत्या बिंदूंची नोंद मुकी असते. वर्षभराने नकाशावर एका ठिकाणी चाळीस मिनिटं थांबल्याचा पुंजका दिसेल आणि तिथे काय होतं ते आठवणार नाही. जीपीएसलॉगरमध्ये ‘अ‍ॅनोटेट’ म्हणून बटण आहे. विहिरीशी उभी राहून ते दाब आणि मराठीत लिही: ‘पिंपळाजवळची विहीर, पाणी ८.४० मी., पंप बंद, मालक घरी नव्हते.’ तो शेरा त्या बिंदूला चिकटून राहतो. चार शब्द पुरेत, पण जागेवरच लिहायचे. रात्री मुक्कामाला येऊन लिहिलेल्या शेऱ्यात गावं एकमेकांत मिसळतात.

फाइलींना नावं देताना तारीख पुढे घे, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग त्या आपोआप ओळीत लागतात. महिन्याचा एक फोल्डर. त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी: एक तुझ्या लॅपटॉपवर, दुसरी पेन ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत नाही तर इकडे घरी. दोन्ही कुलपात. सेव्हन-झिपने पासवर्ड घालून बांधलंस तरी चालेल, व्हेराक्रिप्ट वापरलंस तर आणखी बरं. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेव. विसरलेल्या पासवर्डला कोणी वाली नसतो.

आणि एक जपून. ‘जीपीएक्स ऑनलाइन बघा’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर फाइल टाकायची नाही. टाकलीस की तुझी फिरती त्यांच्या दप्तरी जमा. संगणकावर क्यूजीआयएस आहे, जीपीएक्ससी आहे, त्यांत उघड.

इतकी राखण कशाला, असं वाटत असेल तर हे ऐक. जर्मनीतले हरित पक्षाचे नेते माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या मोबाइल कंपनीकडून स्वतःचीच सहा महिन्यांची नोंद भांडून मिळवली आणि २०११ साली ‘त्साइट’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर सगळ्यांसमोर ठेवली. पस्तीस हजारांहून जास्त नोंदी. कुठल्या रेल्वेत बसले, कुठल्या सभेत गेले, कधी झोपले, सगळं उलगडलं. ते फोनवर काय बोलले त्यातला एक शब्दही त्यात नव्हता. २०१३ साली संशोधकांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा नाव काढून टाकलं असलं तरी जागा आणि वेळ यांचे चार बिंदू शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना वेगळं ओळखायला पुरले. तुझं रात्रीचं घर, सकाळचं कार्यालय, रविवारचं आईचं घर आणि मंगळवारचा दवाखाना. झाले चार.

धावणाऱ्यांचं अ‍ॅप आहे ना, स्ट्राव्हा, त्यांनी जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा एकत्र नकाशा काढला. कोणाचंही नाव नव्हतं. २०१८च्या जानेवारीत लोकांच्या ध्यानात आलं की वाळवंटात जिथे काहीच नसायला हवं तिथे आयताकृती वाटा उजळल्यात. ते लष्करी तळ होते, आणि सैनिक तळाभोवती धावले होते. म्हणून कामाची वाट कोणाला पाठवायची असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा किलोमीटर कापून पाठव. म्हणजे घर आणि मुक्काम झाकला जातो. फक्त गाव सांगायचं असेल तर अक्षांश-रेखांशाचे दशांशापुढचे दोनच आकडे दे, किलोमीटरभराचा अंदाज येतो. पाच आकडे दिलेस तर अंगणातलं तुळशीवृंदावन सापडतं.

फोटोचंही तेच. फोटोच्या पोटात जागा लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलास तर ती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर जशीच्या तशी जाते. कामाचे फोटो वरिष्ठांना डॉक्युमेंट म्हणून पाठव, तिथे जागा हवीच असते. घरचे मात्र तसे नाही.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण तू मुलगी आहेस आणि एकटी फिरणार आहेस. नोंद ठेवणं वेगळं आणि आत्ता कुठे आहेस ते दाखवणं वेगळं. अंधार पडायला आला, अनोळखी गाडीत बसायची वेळ आली, तर लाइव्ह लोकेशन जरूर पाठव. व्हॉट्सअ‍ॅप पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांची मुदत देतं, त्यातली लागेल तेवढीच घे. मला पाठव, आईला पाठव. पण मुदतीशिवाय, कायमची, आपली जागा कोणाच्या हाती द्यायची नाही. वरिष्ठ म्हणाले, होणारा नवरा म्हणाला, मी म्हणालो, तरी नाही. प्रेमापोटी मागितलं जातं तेव्हा नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. तरी सुरुवातीलाच म्हण. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२४च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की जामिनावर सुटलेल्या आरोपीलाही, तपास अधिकाऱ्याला गुगल मॅपवर आपली जागा सतत दिसत राहील, अशी अट घालता येणार नाही. आरोपीला जी मोकळीक आहे ती तुला घरात आणि कामावर का नसावी?

कामाच्या वेळेत कार्यालयाने जागा मागितली तर ती द्यायची, त्याचा पगार घेतो आपण. त्यासाठी त्यांचं अ‍ॅप असेल तर ते त्यांच्या फोनवर मागून घे. नाहीच दिला, तर सुट्टी झाली की ते बंद करायचं.

या नोंदीचा उपयोग तुला सांगायला नकोच, फिरतीचा हिशेब, टीए बिल, पुढच्या फेरीची वाट. पण पुरावा म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. जीपीएक्स मजकूर आहे, कोणीही बदलू शकतो, हे समोरच्यालाही माहीत असतं. वाद होईल असं वाटलं त्या दिवसाचं एसटीचं तिकीट, फास्टॅगचा मेसेज, ग्रामपंचायतीच्या भेट-रजिस्टरातल्या सहीचा फोटो त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेव. तुझ्या चुलतभावालाही मी हेच सांगितलंय. तो लंडनला आहे, उद्या तिथलं नागरिकत्व मागेल तेव्हा देशाबाहेर कधी कधी होता ते तारखांनिशी द्यावं लागेल. तारखा नोंदीतून काढायच्या आणि पासपोर्टच्या शिक्क्यांशी, बोर्डिंग पासशी ताडून पाहायच्या.

हेही समजून घे की तू काहीही केलंस तरी मोबाइल कंपनीकडे टॉवरची नोंद राहतेच. परवान्याच्या अटींनुसार त्यांना कॉलच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. ती पुसणं तुझ्या हातात नाही. आपल्या नोंदीचा फायदा एवढा, की कोणी तुझ्या फिरतीबद्दल काही म्हणालं तर तुझ्याकडे तुझं बाड असेल.

आणि सगळंच ठेवलं पाहिजे असं नाही. एखाद्या दिवशी नोंद बंद ठेवावीशी वाटली तर ठेव, कारण कोणाला सांगायला नको. विशेषतः दुसऱ्याच्या अडचणीला धावून गेलीस तेव्हा. नवऱ्याच्या मारापासून लपून बसलेल्या बाईच्या घरी गेलीस, कोणाबरोबर दवाखान्यात गेलीस, तर ती जागा तुझी एकटीची नसते. ते बिंदू त्याच रात्री पुस, दोन्ही प्रतींतून. एरवी कामाच्या वाटा ठेवायच्या, खासगी वाटा वर्षाने चाळायच्या आणि ज्यांना तुला पुन्हा भेटावंसं वाटत नाही त्या काढून टाकायच्या.

शनिवारी येशील तेव्हा फोनची केबल आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह आण. आधी टाइमलाइन बाहेर काढू, मग परवानग्यांची यादी बसून साफ करू. चहा झाला की मागच्या माळावर चालत जाऊ, दहा सेकंदांवर लावून, आणि घरी येऊन ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून तू मला वाचून दाखव.